तापीकाकीच्या रागाच्या शाखा

एका जंगलात, जिथे नदी चालून चालून दमते आणि तिची खाडी होते, तिथे काठावर एक खानावळ होती. ती पाणमांजरांच्या एका कुटुंबाची होती. तुम्ही पाणमांजर पाहिलं नसेल तर काळजी करू नका. अंगाने लांबट, मिशा ताठ, आणि मासा म्हटला की दुसरं काही सुचत नाही, असा तो प्राणी. तुमच्या शेजारीपाजारी एखादा नक्की सापडेल.

त्या घरात माणसं तीन. माणसं म्हणजे पाणमांजरंच, पण गोष्टीत एवढं चालतं. भागोजीकाका खाडीत उतरून मासे धरायचे. तापीकाकी ते रांधायची. त्यांची मुलगी कुंदा डोंगरापलीकडच्या मोठ्या जंगलात धंद्याचं शिक्षण घेत होती. मासेही या गोष्टीत पुष्कळ आहेत, पण ते बोलत नाहीत. ते बोलले असते तर गोष्ट इथेच संपली असती.

तापीकाकीच्या हाताला चव होती. तिरफळ घालून केलेल्या तिच्या बांगड्याचा वास सुटला की वडाच्या शेंड्यावरची घारसुद्धा मुकाट खाली येऊन पंगतीत बसायची. पण काकीच्या तोंडाला धारही तितकीच होती. ती वाढता वाढता रागवायची.

"अरे ए मगऱ्या!" ती ओरडायची. "बांगड्याचं डोकं कुणासाठी ठेवलंस? सगळी गोडी तर त्यात असते. चोख ते मेल्या!"

आणि ज्याला बघून हरणं पाणी प्यायचं विसरतात तो मगर मान खाली घालून डोकं चोखायला लागायचा.

"गुरुजी," ती कासवगुरुजींना म्हणायची, "सोलकढी आधी नाही, शेवटी प्यायची. जन्मभर पोरांना शिकवलंत, तुम्हाला हे कुणी शिकवलं नाही?"

गुरुजी वाटी खाली ठेवायचे. कुणाला वाईट वाटायचं नाही, कारण काकी कुणावर उगाच रागवत नसे. ज्याने काही चुकीचं केलं नाही त्याला ती ओरडायला विसरायची, आणि जेवण झाल्यावर हातावर आमसुलाची गोळी ठेवायची. तिचा नवरा तेवढा या सगळ्यातून सुटला होता. पाण्यात राहून राहून भागोजीकाकांच्या कानांत कायम पाणी असायचं, आणि ते काढायची त्यांना कधी घाई नव्हती.

काकीचा एक नेम होता. चूल पेटवण्याआधी ती प्रत्येक माशाचा कल्ला उचलून पाहायची. कल्ला लाल तर मासा तव्यावर. कल्ला विटकरी तर मासा परत खाडीत. एकदा चैत्रातल्या उकाड्यात ताटं वाढून झाल्यावर तिला वासात काही खटकलं. ती बाहेर आली आणि एकच शब्द बोलली.

"उठा."

का, असं कुणी विचारलं नाही. मगराने तोंडातला घास काढून ताटात ठेवला. सगळे उठले, घरोघरी गेले आणि पेज पिऊन झोपले. त्या जंगलात मासा खाऊन कधी कुणाचं पोट दुखलं नाही, ते काकीच्या या शब्दामुळे. काकीलाही आपल्या कालवणापेक्षा या शब्दाचा अभिमान जास्त होता. आपण उठा म्हटलं की सगळे उठतात, यावर तिची रात्रीची झोप अवलंबून होती.

मग कुंदा शिक्षण संपवून आली. एकटी आली नाही. सोबत खंड्यासाहेबांना घेऊन आली.

खंड्या पक्षी तुम्ही पाहिला असेल. तारेवर बसतो. निळा चकचकीत कोट, लांब चोच, आणि नजर सदा पाण्यावर. या खंड्यासाहेबांचा व्यवसाय सल्ला देण्याचा होता. उंचावर बसायचं, खाली काय चमकतंय ते पाहायचं आणि नेमकी त्यावर झडप घालायची, हे त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या केलं होतं. त्यामुळे त्यांना वेगळं शिक्षण लागलं नाही.

खंड्यासाहेब पानावर बसले. तळलेला मासा ताटात पडताच त्यांनी चव न घेता त्यावर लिंबू पिळलं.

"काय हो, डोळे आहेत का भोकं?" काकी कडाडली. "आधी चव बघा, मग पिळा! तुमच्या आईने हेच शिकवलं का?"

कुंदाने कपाळावर हात मारून घेतला. पण खंड्यासाहेबांची चोच थरथरत होती. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

"मोठा झाल्यापासून," ते हळूच म्हणाले, "मला कुणी असं रागावलंच नाही. सगळे साहेब साहेब करतात. ताई, हे विकलं जाईल!"

"जाईल म्हणजे? विकतेच आहे," काकी म्हणाली. "आजचं तर संपत आलं."

"मासा नव्हे हो. मासा कुठेही मिळतो. मी रागाबद्दल बोलतोय."

काकीला हसू आलं. राग विकायचा म्हणजे काय, हे तिला कळेना. राग येतो. तो आणता येत नाही, मग विकणार कसा? पण त्या संध्याकाळी कुंदा तिच्याजवळ येऊन बसली, लहानपणी बसायची तशी, शेपटीला शेपटी लावून.

"आई, तुझं नाव या खाडीच्या बाहेर कुणाला माहीत नाही," कुंदा म्हणाली. "मी तिकडे शिकत होते तेव्हा सगळ्यांना तुझ्याबद्दल सांगायचे. कुणाचा विश्वास बसायचा नाही. मला ते फार लागायचं गं. जगात सगळीकडे तुझं नाव लागलेलं मला बघायचंय."

आता सांगा, कुठली आई यावर नाही म्हणेल? काकीला भरून आलं. भागोजीकाकांनीही मान हलवली, त्यांना ऐकू आलं नव्हतं तरी.

"बरं," काकी म्हणाली. "पण मासा ताजाच हवा. सगळीकडे."

"अर्थात!" खंड्यासाहेब म्हणाले. हा शब्द ते फार सुंदर उच्चारत.

अशी 'तापीकाकी' नावाची दुसरी खानावळ नदीच्या वरच्या अंगाला निघाली. मग डोंगरापलीकडे एक निघाली. मग एक समुद्रापलीकडे. पण काकी एकच होती, आणि तिला सगळीकडे वाटता येईना. म्हणून खंड्यासाहेबांनी केवड्याच्या बनात रागाचं शिबिर भरवलं.

शिबिराला लांबलांबून उमेदवार आले. बर्फाच्या देशातून एक गोंडस सील आला. पलीकडच्या खंडातून कांगारू आले. वाळूच्या देशातून एक तरस आलं. ते हसतच आलं आणि त्याला रागवायला शिकवणं फार जड गेलं.

"काकी, करा सुरुवात," खंड्यासाहेब म्हणाले. "यांच्यावर रागवा."

काकीने सगळ्यांकडे पाहिलं. सगळे नीट रांगेत बसले होते. पंजे धुतलेले, माना सरळ.

"यांनी केलंय काय?" तिने विचारलं.

"काही नाही."

"मग रागवू कशी? आधी काहीतरी चुका तरी!"

मग उमेदवारांनी मुद्दाम चुका केल्या. कुणी सोलकढी आधी प्यायली, कुणी डोकं टाकलं. सीलने तर लिंबाऐवजी केवडाच पिळला. काकीला राग येण्याऐवजी त्याची दया आली. तिने त्याला जवळ घेऊन लिंबू कसं धरायचं ते दाखवलं. खंड्यासाहेबांनी ते दृश्य ताबडतोब थांबवलं. प्रेमाने समजावणं हा दुसऱ्या एका कंपनीचा विषय होता म्हणे.

शेवटी पोपटांना बोलावलं. पोपटांनी काकीचे सगळे शब्द पाठ केले आणि उमेदवारांकडून घोकून घेतले. "मेल्या" म्हणताना कमरेवर हात, "डोळे आहेत का भोकं" म्हणताना डाव उगारायचा, अशा हालचालीही बसवल्या. तरसही शिकलं. ते हसत हसत रागवायचं, पण खंड्यासाहेब म्हणाले, तिकडच्या गिऱ्हाइकांना तेच आवडेल.

आणि आवडलं! बालमित्रांनो, इतकं आवडलं की काय सांगू. सगळ्या जंगलांत प्राणी मोठे झाले होते, आणि मोठ्यांना रागवणारं कुणी उरलं नव्हतं. ते बिचारे रांगा लावून आले. राग सौम्य हवा, मध्यम हवा की झणझणीत, हे गिऱ्हाइकाला आधीच विचारलं जाई. कुणाचा वाढदिवस असला की सगळे वाढपी त्याच्याभोवती जमत, त्याला एका सुरात झापत आणि मग टाळ्या वाजवत. धुक्याच्या देशातले प्राणी इतके सभ्य होते की ते आत शिरतानाच माफी मागत, आणि त्यांच्यावर रागवायला जागाच उरत नसे. त्यांच्यासाठी दारातच एक पायरी मुद्दाम उंच बांधली. ते अडखळले की काम सुरू होई.

वाळूच्या देशात तर उंट येऊ लागले. उंट मासा खात नाहीत. ते ताट समोर घेऊन बसत, झापून घेत आणि समाधानाने रवंथ करत परत जात.

या सगळ्या धामधुमीत मासा कुठून येतो, हे विचारायला कुणाला सवड नव्हती. भागोजीकाका एकटे किती धरणार? मासा आता कुठूनही येई आणि कुठेही जाई. वाटेत त्याचं काय होई ते त्यालाच ठाऊक, आणि मासे या गोष्टीत बोलत नाहीत हे मी आधीच सांगितलंय.

काकी मात्र आपल्या जुन्या खानावळीतच होती. तिला आता 'मूळ शाखा' म्हणत. तिथे लांबलांबची गिऱ्हाइकं येत. ती बांगड्याची डोकी मुद्दाम काढून ताटाच्या कडेला मांडून ठेवत आणि आशेने काकीकडे पाहत. काकी ओरडली की एकमेकांना कोपर मारत.

हे तिने चालवून घेतलं. पाहुणेच ते, त्यांना काय कळणार! पण एक दिवस मगराने डोकं टाकलं.

"अरे मगऱ्या, चोख ते!" काकी म्हणाली.

मगराने मान खाली घातली नाही. तो तोंडभर हसला, आणि मगराचं तोंड म्हणजे हसू किती मोठं ते बघा. मग शेजारच्या पाहुण्याला म्हणाला, "ऐकलंत? अगदी अस्सल! आमच्याकडे हे रोज असतं." आणि डोकं तसंच टाकून तो हात धुवायला गेला.

काकी डाव हातात धरून उभी राहिली. तिला राग आला नाही. तिला भीती वाटली. उद्या मी उठा म्हटलं तर हा उठेल का, असं तिच्या मनात आलं. भागोजीकाकांना तिने हे सांगितलं. त्यांनी बराच वेळ कान झटकले, पाणी काढलं आणि पुन्हा सांगायला लावलं. मग म्हणाले, "पोरीला जाऊन सांग."

कुंदा तेव्हा वाळूच्या देशात होती. तिथे जगातली सगळ्यात मोठी शाखा उघडणार होती आणि काकीला आमंत्रण होतंच. दरवर्षी तिकडून ये-जा करणाऱ्या रोहित पक्ष्यांनी तिला टोपलीत बसवून नेलं. ते गुलाबी पक्षी वाटेत तिला सारखं विचारत होते, "काकी, आमच्यावरही थोडं रागवा ना!" काकीने डोक्यावरून पदर घेतला आणि झोपेचं सोंग केलं.

शाखा भव्य होती. छताला काचेची खाडी टांगली होती. भिंतीवर काकीचं एवढं मोठं चित्र होतं की तिच्या एकेका मिशीखाली दोन-दोन उंट उभे होते. कुंदा धावत आली आणि तिने आईला मिठी मारली.

"बघितलंस आई? तुझं नाव!"

"बघितलं हो बाय," काकी म्हणाली. "मासा कुठाय?"

कुंदाला पाहुण्यांनी हाक मारली, म्हणून काकी एकटीच स्वयंपाकघरात गेली. तिथे माशांच्या राशी होत्या, आणि वर मसाल्याचा डोंगर. तिने एका माशाचा कल्ला उचलला. विटकरी. दुसऱ्याचा उचलला. तो विटकरीच्याही पुढे गेला होता. तिसऱ्याचा उचलायची गरज पडली नाही, तो आपणच निखळून पडला.

खंड्यासाहेब घाईने आत आले.

"काकी, तुम्ही इथे कशाला? मंचावर चला!"

"हा मासा कुणाला वाढणार आहात?"

"हो, थोडा प्रवास झालाय त्याचा," खंड्यासाहेब म्हणाले. "पण मसाला दुप्पट केलाय. आणि खरं सांगू का, मासा इथे कुणी फारसं बघत नाही."

ते खोटारडे नव्हते. त्यांना मनापासून असंच वाटत होतं.

बाहेर ताटं वाढली गेली होती. सिंह होते, तरसं होती, वाळूतले कोल्हे होते, मागच्या ओळींत उंट होते. पहिला घास हातात घेऊन सगळे काकीची वाट पाहत होते. काकी धावत बाहेर आली. तिने डाव आपटला.

"उठा!"

घास हातातच धरून सगळे तिच्याकडे वळले.

"उठा सगळे! मासा नासलाय. एक घाससुद्धा तोंडात घालू नका. मेल्यांनो, पोटाची वाट लागेल. मी सांगतेय ना, उठा!"

आणि टाळ्यांचा कडकडाट झाला.

सिंहाने आयाळ झटकून वाहवा केली. कोल्ह्यांनी शिट्ट्या वाजवल्या. "मूळ काकी ती मूळ काकी," सगळे एकमेकांना सांगू लागले. "आवाज बघा, काय थरथरतोय! पोपटांना हे नाही जमायचं." काकी आणखी ओरडली. तिचा घसा बसला, डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. तिने एका कोल्ह्याच्या हातातला घास हिसकावून घेतला, तर शेजारचे चार जण आपापला घास पुढे करून म्हणाले, "काकी, आमचापण! आमचापण!" टाळ्या वाजवून दमल्यावर सगळ्यांनी पोटभर जेवायला सुरुवात केली.

त्या सगळ्या पंगतीतून एकच प्राणी उठला. ती कुंदा होती.

तिच्याही हातात घास होता. तो ओठांपर्यंत गेला होता. पण लहानपणापासून तिने हा आवाज ऐकला होता, आणि खरा राग कुठला हे तिच्या पायांना डोक्याच्या आधी कळलं. ती उठून उभी राहिली. घास तिने ताटात ठेवला. मग तीही ओरडू लागली, "अहो ऐका, आई खरं सांगतेय! मासा खरंच खराब आहे!"

"मुलगीसुद्धा!" खंड्यासाहेब डोळे पुसत म्हणाले. "काय जोडी आहे!"

टाळ्या आणखी वाढल्या. कुंदाने आईचा हात धरला आणि दोघी मधल्या वाटेने दाराबाहेर पडल्या. लोकांनी त्यांच्यावर फुलं उधळली.

"आई, मी उठले गं," बाहेर वाळूवर बसून कुंदा रडत म्हणाली.

"उठलीस ना," काकी म्हणाली. "तेवढ्याने माझी चूल पेटेल."

दुसऱ्या दिवशी वाळूच्या देशात सगळ्यांची पोटं दुखली. उंट तेवढे ठणठणीत होते. पण कुणी तक्रार केली नाही, उलट खंड्यासाहेबांकडे अभिनंदनाची रीघ लागली. पोटात कळ आली की काकीचे शब्द आठवत होते, असा जिवंत अनुभव आजवर कुठल्याही खानावळीने दिला नव्हता, असं सिंहाने अंथरुणातूनच कळवलं. खंड्यासाहेबांनी त्यातून योग्य तो धडा घेतला. आता जगभरच्या 'तापीकाकी' शाखांत रोज एक वाढपी "उठा" म्हणून ओरडतो, आणि एक पगारी मुलगी पंगतीतून रडत उठते. तिच्यासाठी दारात फुलांची टोपली भरून ठेवलेली असते. ते झाल्यावर सगळे जेवतात.

कुंदाने कंपनी सोडली. नाव कंपनीकडेच राहिलं, त्यामुळे खाडीकाठच्या खानावळीवरून ते उतरवावं लागलं. पाहुणे यायचे थांबले. मगर अधूनमधून येतो, पण बिननावाच्या खानावळीत जेवल्यासारखं वाटत नाही, अशी त्याची कुरकुर असते.

भागोजीकाका मासे धरतात, कुंदा साफ करते आणि काकी रांधते. परवा कुंदाने घाईघाईत बांगडे धुतले, तर कल्ल्याखाली थोडं रक्त राहिलं.

"याला धुणं म्हणतात का गं भवाने?" काकी कडाडली. "जगभर शाखा काढल्यास आणि एक बांगडा धड धुता येत नाही!"

कुंदाने टाळ्या वाजवल्या नाहीत. तिने बांगडा पुन्हा धुतला.

तात्पर्य : मुलांनो, कुणी जीव तोडून काही सांगत असेल तर त्याला मध्येच थांबवू नये. शेवटपर्यंत शांतपणे ऐकावं, उभं राहून टाळ्या वाजवाव्यात, आणि मग आपल्या ताटातलं सगळं संपवावं.